दोन दिवस, तीन रणभूमी आणि न दाखवलेली एक वाट

आधी कामाचं सांगते. सहल अथेन्सहून निघते, दोन दिवसांची आहे, आम्ही माणशी १९० युरो भरले. पहिल्या दिवशी मॅरेथॉन, सकाळी जाऊन दुपारी परत. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी निघून ल्युक्ट्रा, वाटेत कायरोनियाचा दगडी सिंह आणि शेवटी थर्मोपायली. अथेन्सला परत यायला रात्रीचे साडेनऊ वाजले. लहान बस, आम्ही अकरा प्रवासी, एक मार्गदर्शक बाई आणि एक चालक. पैशांत पाणी धरलेलं आहे, जेवण नाही. पाचपैकी चार तारे देते आहे. पाचवा का राखला ते पुढे सविस्तर लिहिलं आहे. कंपनीचं नाव इथे घेत नाही. एका दिवसाच्या तक्रारीसाठी कुणाचं नाव लिहावं असं मला वाटत नाही. अशी सहल निवडताना काय बघून घ्यावं, ते मात्र यातून कळेल.

मी ३१ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं संचलन बसवण्यात गेली. आमचे हे पाटबंधारे खात्यात सर्वेक्षक होते. जमीन बघितली की पाणी कुठून कुठे वाहणार हे त्यांना आधी दिसतं आणि झाडं-देवळं नंतर. त्यामुळे थोड्या माणसांनी मोठ्या सैन्याला कसं थोपवलं, हे बघायला आम्ही दोघं दोन वेगळ्या डोळ्यांनी गेलो होतो. ह्यांचं म्हणणं, सगळं श्रेय जमिनीचं. माझं म्हणणं, रांगेचं. विमानात बसल्यापासून हा वाद चालू होता.

मॅरेथॉन

मॅरेथॉन अथेन्सपासून साधारण ४० किलोमीटर. बाईंनी आम्हाला थेट त्या प्रसिद्ध मातीच्या टेकाडापाशी न नेता आधी किनाऱ्यावर नेलं, ही मला त्यांची पहिली आवडलेली गोष्ट. किनाऱ्यावर उभं राहून मैदानाकडे बघितलं की इ.स.पू. ४९० मध्ये पर्शियन सैन्याला जे दिसलं असेल तेच दिसतं: समोर लांबलचक सपाटी, मागे डोंगर, एका अंगाला मोठी दलदल. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे की ही जागा घोडदळाला सोयीची म्हणून निवडली होती. मग अथेन्सच्या लोकांनी काय केलं? ते सपाटीवर उतरलेच नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी, अथेन्सच्या रस्त्याचं तोंड अडवून, कित्येक दिवस बसून राहिले. साधारण दहा हजार अथेन्सचे आणि मदतीला आलेले प्लॅटिया नगराचे एक हजार. समोर त्यांच्या दुपटीहून जास्त असावेत, असा आजचा साधारण अंदाज.

हे लगेच म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? डोंगर पाठीशी, कुणी मागून यायची भीती नाही. पायथा सोडला असता तर घोड्यांनी वेढले असते."

बरोबर आहे. पण पायथ्याशी कित्येक दिवस गप्प बसून राहणं ही जमिनीची करामत नाही. तरुण मुलांना मैदानाच्या कडेला पाऊण तास नुसतं उभं ठेवून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणते ते.

लढाईची मांडणी बाईंनी वाळूवर काडीने काढली. पर्शियनांची रांग लांब होती. तेवढीच लांबी गाठायला अथेन्सचा सेनापती मिल्टिआडिसने आपली मधली फळी पातळ केली आणि दोन्ही बगला जाड ठेवल्या. व्हायचं तेच झालं, मधली फळी मागे रेटली गेली. पण बगला जिंकल्या. आणि इथे बाईंनी काडी खाली ठेवली आणि म्हणाल्या की आता जे घडलं ते नीट ऐका: बगलांनी समोरून पळणाऱ्यांचा पाठलाग केला नाही. ते थांबले, आत वळले आणि मध्यावर चालून गेले.

माझ्या अंगावर काटा आला. समोरचा पळत सुटलेला असताना, रक्त तापलेलं असताना थांबायचं आणि वळायचं! रस्सीखेचीत समोरचा संघ घसरायला लागला की आपली मुलं आनंदाने ताल सोडतात, प्रत्येक जण आपापला ओढायला लागतो आणि हातातला सामना जातो, हे मी किती वेळा बघितलं आहे. जिंकत असतानाची शिस्त सगळ्यात अवघड. अथेन्सचे १९२ पडले, त्यांची नोंद आहे. पर्शियनांचे ६,४०० हा हिरोडोटसचा आकडा. त्या १९२ जणांच्या रक्षेवर ते टेकाड रचलेलं आहे, गवताने झाकलेलं. बाई तिथे फार बोलल्या नाहीत. बरं केलं.

धावण्याबद्दल एक. आठ स्टेडिया म्हणजे सुमारे दीड किलोमीटर अंतर ते चिलखत-ढालीसकट धावत गेले, असं हिरोडोटस म्हणतो. बाईंनी ते तसंच सांगितलं. माझ्या अनुभवाने सांगते, रांग धरून दीड किलोमीटर धावणं जवळजवळ अशक्य. रांग पहिल्या दोनशे पावलांत फाटते. चालत गेले असतील आणि बाणांच्या टप्प्यात आल्यावर धावले असतील. मी हे बोलले तर बाईंनी वाद न घालता सांगितलं की पुष्कळ अभ्यासकांचंही तसंच मत आहे. आपलं पाठ केलेलं सोडून प्रवाशाचं ऐकून घेणारा मार्गदर्शक विरळा.

त्या दिवशीची एकच कुरकुर: कानात घालायला दिलेली यंत्रं. अकरातली तीन खरखरत होती, त्यात ह्यांचं एक. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात त्यांना अर्धं ऐकूच आलं नाही.

ल्युक्ट्रा: ढाल हातात घेतली तेव्हा

दुसऱ्या दिवसाची ल्युक्ट्राची जागा बहुतेक सहलींत नसते. थीब्जजवळ शेतांच्या मधोमध एक स्मारक आहे, गोल चौथऱ्यावर दगडात कोरलेल्या ढालींचं कडं. आजूबाजूला सपाट शेतं. ना खिंड, ना नदीचं पात्र. हे बसमधून उतरले, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "इथे जमिनीने कुणालाच काही दिलेलं नाही."

नेमकं त्याचसाठी इथे आणतात. इ.स.पू. ३७१ मध्ये याच सपाटीवर थीब्जने स्पार्टाला हरवलं. थीब्जकडे माणसं कमी होती. स्पार्टाचे बारा-बारा खोल रांगेत, म्हणजे एकामागे एक बारा जण, उभे होते. थीब्जचा सेनापती एपामिनोंडासने आपली डावी बाजू पन्नास खोल केली आणि बाकीची फळी तिरकी, मागे ठेवली. सगळा भार एका ठिकाणी. समोर नेमका स्पार्टाचा राजा आणि त्याचे निवडक लोक. त्या दिवशी रणात असलेल्या ७०० स्पार्टन नागरिकांपैकी ४०० पडले, राजा क्लिओम्ब्रोटसही पडला, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यासमोर कुणी उभं राहत नव्हतं त्यांचा दरारा एका दुपारी संपला.

आता ढालींचं. बसच्या पोटातून चालकाने आठ ढाली काढल्या. प्लायवूडच्या, पण मापाने खऱ्या: ९० सेंटिमीटर व्यासाच्या, वाटीसारख्या खोलगट. सात हलक्या होत्या आणि एक मुद्दाम खऱ्या वजनाची, सात किलोची. आतल्या बाजूला मधोमध एक रुंद पट्टा, त्यातून डावा हात कोपरापर्यंत घालायचा, आणि कडेला एक दोरी, ती मुठीत धरायची. हात घातला की लगेच कळतं: ढालीचा उजवा अर्धा भाग आपल्याला झाकतो आणि डावा अर्धा आपल्या अंगाबाहेर जातो. तो आपल्या उपयोगाचा नाही. तो डाव्या हाताच्या माणसासाठी आहे. आणि माझी उजवी कूस उघडी; ती माझ्या उजवीकडच्याच्या ढालीवर अवलंबून.

इतकी वर्षं चित्रांत त्या ढाली बघितल्या होत्या. हात घालेपर्यंत हे समजलं नव्हतं.

आठ जण खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. सगळ्यात उजवीकडे एक उंच जर्मन मुलगा, त्याच्या डावीकडे मी, माझ्या डावीकडे हे. सात किलोची ढाल माझ्या वाट्याला. बाई म्हणाल्या, समोरच्या खांबापर्यंत पन्नास पावलं चाला, ढालीला ढाल लागून राहिली पाहिजे. चाललो. विसाव्या पावलाला माझ्या आणि ह्यांच्यामध्ये फट पडली, पस्तिसाव्याला टोकाची दोघं एक हात मागे, आणि खांबापाशी पोहोचलो तेव्हा तो आमच्या समोर नव्हता, पार डावीकडे राहिला होता. सगळी रांग उजवीकडे सरकली होती. कुणी ठरवलं नव्हतं, कुणाला कळलंही नव्हतं. प्रत्येक जण नकळत उजवीकडच्याच्या ढालीआड शिरत होता.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने इ.स.पू. ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईचं वर्णन करताना हेच लिहिलं आहे: सगळीच सैन्यं चालून जाताना उजवीकडे सरकतात, कारण उघडी बाजू झाकायची धडपड. आणि तिथेच त्याने लिहिलं आहे की स्पार्टाचे लोक बासरीसारख्या वाद्याच्या तालावर सावकाश चालत, देवासाठी म्हणून नव्हे, तर पाऊल एक पडावं आणि रांग तुटू नये म्हणून.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, एकदा मला मोजू द्या. बाईंनी आनंदाने जागा दिली. मी आधी सगळ्यांना "दाहिने सज" करवलं, म्हणजे काय ते हातवारे करून समजावलं: मान उजवीकडे, शेजाऱ्याची छाती दिसली पाहिजे, त्याच्या पलीकडच्याची दिसता कामा नये. पावलं लहान करायला सांगितली. आणि "एक-दो, एक-दो" सुरू केलं. ज्यांना भारतातली कुठलीच भाषा येत नव्हती अशा लोकांनीही तिसऱ्या मोजणीला पाऊल धरलं. दुसऱ्या फेरीत रांग थोडी वाकली, फाटली नाही. तिसऱ्या फेरीत आठ ढालींच्या कडा एकमेकींवर टकटक वाजत गेल्या आणि आम्ही खांबाच्या बरोबर समोर थांबलो. जर्मन मुलाने मागे वळून बघितलं, तो आश्चर्य वाटून हसत होता. ह्यांनी काहीच म्हटलं नाही, फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ती मान मला ओळखता येते.

या एका तासासाठीच मी ही सहल कुणालाही सुचवीन. डावा खांदा मात्र दोन दिवस दुखत होता. खांद्याचं दुखणं असेल तर हलकी ढाल मागून घ्या, देतात.

कायरोनियाला वीसच मिनिटं. दगडी सिंहाच्या आवारात २५४ सांगाडे ओळीने पुरलेले सापडले. इ.स.पू. ३३८ मध्ये मॅसिडोनच्या राजा फिलिपसमोर पडलेल्या थीब्जच्या 'पवित्र तुकडी' या निवडक दलाचे ते असावेत, असं मानतात. तेही ओळीतच. मला तिथे आणखी थांबायचं होतं.

वीस मिनिटांवर भागवावं लागलं ते त्या दुकानामुळे. ते कार्यक्रमात नव्हतं. रस्त्याकडेच्या एका मातीच्या भांड्यांच्या दुकानात बस थांबली, "दहा मिनिटं" म्हणून. तिथे प्रात्यक्षिक झालं, चहा झाला, विक्री झाली. बाहेर पडलो तेव्हा पन्नास मिनिटं गेली होती. बाईंचा चेहरा पडलेला होता. हे कंपनीने ठरवलेलं असणार, त्यांनी नव्हे.

थर्मोपायली

पहिल्यांदा बघणाऱ्याची इथे निराशा होते. बसमधून उतरलो आणि ह्यांनी विचारलं, "खिंड कुठे आहे?" दक्षिणेला डोंगर आहे, उंच, झाडीने भरलेला. पण उत्तरेला सरळ सपाट जमीन, शेतं, रस्ता, आणि समुद्र? समुद्र दूर, कित्येक किलोमीटर. अशा जागेत लाखभर माणसं सहज मावतील.

इथे ह्यांचा दिवस सुरू झाला. बाईंनी नकाशा उघडायच्या आतच ह्यांनी विचारलं की नदी कुठली आणि गाळ किती आणते. स्पर्खिओस नदी. अडीच हजार वर्षं ती गाळ आणून टाकते आहे, त्यात डोंगरातून उतरणाऱ्या गरम गंधकाच्या झऱ्यांनी साचवलेल्या चुन्याच्या थरांची भर. तेव्हाची जमीन आज आपल्या पायाखाली कित्येक मीटर खोल आहे आणि तेव्हाचा किनारा जवळजवळ डोंगराच्या पायथ्याशी होता. हे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, माती चोळून बघितली आणि मला म्हणाले, "अगं, आत्ता आपण समुद्रात उभे आहोत."

बाईंनी मग एक दोरी काढली, बरोबर १५ मीटरची. हिरोडोटसने मधल्या दाराची, म्हणजे खिंडीतल्या मधल्या अरुंद जागेची, रुंदी अर्धं प्लेथ्रॉन दिली आहे, म्हणजे साधारण एवढीच. आणि पुढच्या-मागच्या चिंचोळ्या जागी जेमतेम एक गाडी जाईल इतकीच वाट. दोरीचं एक टोक डोंगराच्या बाजूला, दुसरं "समुद्रात". ह्यांनी तोंडी हिशोब केला: पंधरा मीटरला नव्वद सेंटिमीटरची ढाल, म्हणजे पुढच्या फळीत सोळा माणसं. समोर सत्तर हजार असोत की तीन लाख, आजचे अंदाज एवढे खालीवर जातात, एका वेळी तोंडाला येणार सोळा-सतराच. बाकीचे मागे उभे राहून धक्के देणार. इ.स.पू. ४८० मध्ये स्पार्टाचा राजा लिओनिडासकडे साधारण सात हजार होते, त्यातले स्पार्टाचे ३००. त्या दोरीकडे बघितलं की सात हजार पुष्कळ वाटायला लागतात.

"आता बोल," हे म्हणाले.

मी बोलले. जागा अरुंद होती ती दोघांनाही अरुंद होती. त्या सोळा जणांच्या जागी आम्ही आठ जण पहिल्या फेरीत चाललो तसे चालणारे असते, तर पहिल्या तासात वाट मोकळी झाली असती. हिरोडोटस सांगतो की ग्रीक आपापल्या गावांच्या तुकड्यांप्रमाणे उभे होते आणि पाळीपाळीने लढत होते. म्हणजे थकलेली फळी मागे आणि ताजी पुढे, लढाई चालू असताना, पंधरा मीटरच्या जागेत! शाळेच्या मैदानावर, कुणी मारायला आलेलं नसताना, एक ओळ मागे आणि दुसरी पुढे आणायला मी मुलांकडून महिना महिना सराव करून घेतला आहे. आणि स्पार्टाचे तर पळाल्यासारखं करून पाठ फिरवायचे, पर्शियन आरडाओरडा करत मागे आले की सगळे एकदम वळायचे. खोटं पळणं खऱ्या पळण्यात न बदलणं, याला काय म्हणायचं? त्यांचे भाले लांब होते, पर्शियनांचे आखूड, हेही आहेच. दोन दिवस पर्शियन सैन्यातले मीड जमातीचे लोक, मग राजाची निवडक 'अमर' तुकडी, कुणालाच पुढे जाता आलं नाही. बघत बसलेला पर्शियाचा राजा झर्क्सिस भीतीने तीनदा सिंहासनावरून उठून उभा राहिला, असंही हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे.

रस्त्यापलीकडे कोलोनोस नावाची छोटी टेकडी आहे. शेवटी उरलेले ग्रीक इथे चढले आणि इथेच संपले. १९३९ मध्ये स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी इथे खोदलं तेव्हा पर्शियन पद्धतीची बाणांची पुष्कळ टोकं सापडली. वर एक साधी शिळा आहे. खाली रस्त्याच्या पलीकडचं लिओनिडासचं मोठं स्मारक १९५५ चं. फोटो सगळे तिथेच काढतात. त्याच्या शेजारी थेस्पिआई नगराच्या ७०० जणांचं स्मारक मात्र १९९७ मध्ये आलं. ते सातशेही शेवटपर्यंत थांबले होते. त्यांच्यासमोर आमच्यातलं कुणी थांबलं नाही तेव्हा बाईंनी सगळ्यांना मागे बोलावलं. त्याबद्दल त्यांना वेगळे धन्यवाद.

न दाखवलेली वाट

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: "आनोपाया वाटेच्या परिसरात एक तास चालणं." ह्यांनी त्यासाठी खास बूट आणले होते. ही डोंगरावरून जाणारी वाट, जिच्यावरून पर्शियन ग्रीकांच्या पाठीमागे उतरले. टेकडीवर उभ्या असताना बाईंनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं की उशीर झाल्यामुळे वाट इथूनच दाखवते. हात उंच करून कालिड्रोमो डोंगराच्या माथ्याकडे बोट केलं. संपलं.

म्हणून पाचवा तारा नाही. एक तास बुडाला एवढंच असतं तर लिहिलं नसतं. या जागेचं खरं शिक्षण त्या वाटेवर आहे, आणि मातीच्या भांड्यांसाठी तेच गेलं.

जे घडलं ते असं. एफिआल्टिस नावाच्या स्थानिक माणसाने राजाला वाट सांगितली. पर्शियन सरदार हिडार्निसच्या हाताखाली 'अमर' तुकडी दिवेलागणीला निघाली आणि रात्रभर चालली. लिओनिडासला ही वाट माहीत होती. त्याने तिथे फोकिसचे १,००० लोक ठेवले होते, आणि ते काम त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं, कारण मागे त्यांचाच मुलूख होता. पहाटे, वारा अजिबात नसताना, त्यांना पाचोळा वाजल्याचा आवाज आला. ओकच्या पानांवर पडणारी हजारो पावलं. ते धडपडत उठले, शस्त्रं चढवेपर्यंत शत्रू समोर. बाणांचा पाऊस सुरू झाला. फोकिसच्या लोकांना वाटलं, हे आपल्यासाठीच आले आहेत. म्हणून ते डोंगराच्या माथ्यावर चढले आणि मरायला तयार होऊन उभे राहिले. पर्शियनांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मोकळ्या झालेल्या वाटेने ते सरळ खाली उतरले.

मी टेकडीवर बसून हे ऐकत होते आणि आमचा विमानापासूनचा वाद तिथे संपला. ह्यांच्या हिशोबाने फोकिसच्या लोकांनी बरोबरच केलं: उंच जागा, चढ शत्रूच्या वाट्याला. सर्वेक्षकाला विचारा, तोही माथाच दाखवील. आणि ते भित्रेही नव्हते, मरायला उभे होते. पण त्यांचं काम माथा राखायचं नव्हतं, वाट राखायचं होतं. स्वतःला चांगली असलेली जमीन त्यांनी घेतली आणि नेमून दिलेली सोडली. खाली सोळा सोळा माणसं दोन दिवस पंधरा मीटर धरून होती, ती वरच्या दोनशे पावलांच्या सरकण्याने गेली. माझ्या मनात सारखी ल्युक्ट्राची आमची पहिली फेरी येत होती, कुणीही न ठरवता उजवीकडे सरकलेली. आपल्याला जिथे जरा सुरक्षित वाटतं तिकडे पाऊल आपोआप जातं.

ह्यांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ माथ्याकडे दुर्बिणीतून बघत होते. मग म्हणाले, "दोनशे पावलं असतील की जास्त, ते वर गेल्याशिवाय कळायचं नाही." खरंच आहे. म्हणूनच वर जायचं होतं.

याच डोंगरातून मागे उतरण्याचा डाव पुढेही खेळला गेला. इ.स.पू. २७९ मध्ये ब्रेनसच्या गॉल टोळ्या आल्या तेव्हा डोंगरावर पुन्हा फोकिसचेच पहारेकरी होते. धुक्यामुळे शत्रू अगदी जवळ येईपर्यंत दिसला नाही. पण या वेळी ते लढले, रेटले गेल्यावर खाली धावत जाऊन त्यांनी खबर दिली आणि खालचं सैन्य अथेन्सच्या जहाजांवर चढून वाचलं. इ.स.पू. १९१ मध्ये रोमन सैन्यातला केटो रात्री डोंगर चढला, वरच्या एटोलियन पहाऱ्यातले बहुतेक झोपले होते, आणि खाली खिंड अडवून बसलेल्या सीरियाच्या राजा अँटायोकसचा पराभव झाला. बाईंना हे सगळं तोंडपाठ होतं. त्या इतक्या जीव ओतून सांगत होत्या की त्यांनाही वर न्यायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. परतताना त्यांनी निदान गरम झऱ्यापाशी पाच मिनिटं बस थांबवली. पाण्यात हात घातला, गंधकाचा वास रात्री झोपेपर्यंत बोटांना होता. 'थर्मोपायली' म्हणजे गरम दारं, ते तिथे हाताला कळलं.

कंपनीला मी पत्र लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं: कार्यक्रमात "परिस्थितीनुसार बदल" होऊ शकतो, पुढच्या सहलीवर पंधरा टक्के सवलत. दुकानाबद्दल एक शब्द नाही. मी परत लिहिलं की सवलत नको, कार्यक्रमपत्रिकेतून एक तर वाट काढा नाही तर दुकान. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तरीही जा. बाईंसाठी आणि त्या आठ ढालींसाठी जा. उन्हाळ्यात जाणार असाल तर ल्युक्ट्राला सावली नाही, टोपी न्या. थर्मोपायलीच्या टेकडीची चढण सोपी आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल. पैसे भरण्याआधी मात्र दोन प्रश्न लेखी विचारून घ्या: वाटेवर नेमकं किती वाजता नेणार, आणि मध्ये कुठल्या दुकानात थांबणार का. आम्ही पुढच्या वर्षी लामियाला मुक्काम करून वर चढणार आहोत. ह्यांनी नकाशा मागवला आहे.